पहिली टोपली

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या मापक बाई, त्यांचे कुटुंबीय, आणि आग्रह करूनही दाराजवळच बसलेली नावाडी मंडळी,

नदीच्या तळावरून वर्षभरात किती वाळू-गोटे पुढे सरकतात, याचा अंदाज बाईंनी एकतीस वर्षे बांधला. होडीतून जाळीची टोपली तळाशी सोडायची, ठरावीक मिनिटांनी वर काढायची, आत आलेले वाळवून तोलायचे. मात्र प्रत्येक ठिकाणची पहिली टोपली बाई नदीतच रिकामी करीत.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कार्यालयाचा अधीक्षक. वर काढलेले टाकून देतात म्हणजे काय? सहा वर्षांपूर्वी मी लेखी आदेश काढला: प्रत्येक टोपली हिशेबात धरावी. बाई म्हणाल्या, "साहेब, आधी एकदा होडीत येता का?"

"नियमाला पोहता यावं लागत नाही," मी म्हणालो. हे वाक्य तेव्हा मला फार आवडले होते.

वर्षअखेर अंदाज दुपटीवर गेला. तळ असाच भरत राहिला तर पाणी वस्तीत शिरेल, म्हणून काठावरची बेचाळीस घरे हलवण्याचा प्रस्ताव तयार झाला. त्यांतले एक माझ्या थोरल्या बहिणीचे. ताईचा फोन आला. "तुझ्या ऑफिसची माणसं दारावर फुली मारून गेली रे. रंग तरी बरा आणायचा."

दुसऱ्या दिवशी मी होडीत. बाईंनी दोर माझ्या हाती दिला. खोली ठाऊक नव्हती. टोपली तळावर आदळली आणि काठोकाठ भरून आली. मी खूश.

"साहेब, हे नदीनं नाही आणलं," नावाडी म्हणाला. "तुम्ही उकरलंत."

बाईंनी त्या खोलीची खूण दोराला बांधली आणि टोपली पुन्हा, अलगद सोडली. दोन मुठी वाळू आली.

आता वर्षभराच्या नोंदींचे काय? बाईंनी आदेश पाळला होता; पण प्रत्येक पहिल्या टोपलीपुढे पेन्सिलीने बारीक टिंब ठेवले होते. ती टिंबे वगळली, अंदाज जागेवर आला, प्रस्ताव रद्द झाला. चूक कोणाची, असे वरिष्ठांनी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "दोराची."

मी गप्प राहिलो. आदेश माझा होता, हे आज या सभागृहात सांगतो आहे, आणि खरोखर हलके वाटते आहे. ताई समोरच बसली आहे. दारावरची फुली ती अजून पुसू देत नाही.

बाई, आपले आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, आपलेही. बोलण्यात काही उणेअधिक आले असेल, तर बाईंच्या रीतीने ती पहिली टोपली समजावी आणि सोडून द्यावी.