चष्म्याचा प्रसंग

ती – ...आणि मी पडद्यावरची शेवटची नावं संपेपर्यंत बसून होते. झाडूवाला पायाशी येऊन झाडायला लागला, वन्सं म्हणाल्या, वहिनी, उठा आता. तरी उठवेना.

तो – इतका आवडला?

ती – आवडायचं राहू द्या. चष्मा कुठे होता?

तो – कुठला चष्मा?

ती – तुम्ही सांगितलेला. गुरुवारी, इथेच बसून. ती सून पिशवी घेऊन घर सोडून निघते, फाटकापर्यंत जाते आणि परत येते. सासू झोपलेली असते. तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढते, वाफ सोडून पुसते, काचा वर करून उशाशी ठेवते.

तो – हो, शेवटी शेवटी. सिनेमाचा जीवच त्यात आहे.

ती – नाहीये.

तो – काय नाहीये?

ती – तो प्रसंग. सून निघते, फाटक लावते, बस येते, ती चढते. संपलं. सासूला चष्माच नाही हो अख्ख्या सिनेमात.

तो – तुला डुलकी लागली असेल. इतक्या वर्षांनी थिएटरात गेलीस. गार हवा, मऊ खुर्ची...

ती – वन्संना विचारा. त्यांनी पेपरातला तुमचा लेख वाचून आधीच रुमाल काढून ठेवला होता. कोरडाच परत पर्समध्ये गेला.

तो – लेखात मी चष्म्याचं नाव घेतलं नव्हतं. शेवटचा प्रसंग चुकवू नका, एवढंच लिहिलं होतं.

ती – मग काय, थिएटरभर लोक रुमाल काढून बसले असतील.

तो – थांब, आठवू दे. बस येते... हो, येते खरी. निळी बस.

ती – निळीच.

तो – मग चष्मा आला कुठून?

ती – तेच बघायला गेले होते मी. आई गेल्यापासून तुम्ही किती मागे लागलात, चल, आता तरी चल. माझा पाय निघत नव्हता. आज गेले ती त्या चष्म्यासाठी.

तो – माझी परीक्षा घ्यायला?

ती – नाही. तो प्रसंग तिथे असावा म्हणून. बसल्या बसल्या सारखं मनात म्हणत होते, असू दे, असू दे.

तो – का बरं?

ती – आधी तुम्ही सांगा. चार स्टार दिलेत ते कशाच्या जोरावर? अभिनयाला किती, गोष्टीला किती? काहीतरी गणित असेलच की तुमचं.

तो – आहे. पण तू हसशील.

ती – हसायच्या बेतात नाहीये मी.

तो – ते स्टार तू दिलेस.

ती – मी?

तो – सिनेमा बघून आलो की तुला सांगतो. तू कपड्यांच्या घड्या घालत ऐकतेस. जिथे गोष्टीत दम असतो तिथे तुझे हात थांबतात. एकदा थांबले की एक स्टार. आई अंथरुणाला खिळली, तुझं बाहेर पडणं बंद झालं, तेव्हापासून असंच चाललंय.

ती – आणि मी समजत होते, तुम्ही माझी करमणूक करताय.

तो – तीही होतच होती.

ती – म्हणजे तो मारामारीचा सिनेमा, ज्याला एकच स्टार मिळाला...

तो – एकदाच थांबलीस. मागून कळलं, तुला मोज्याचा जोड सापडत नव्हता.

ती – बिचारा दिग्दर्शक.

तो – तरी मी तो स्टार काढून घेतला नाही.

ती – आणि गुरुवारी चारदा थांबले?

तो – चारदा. चष्म्याशी आलो तेव्हा मात्र तू कपडे तसेच टाकून आत निघून गेलीस. ते कसं मोजायचं, मला कळलं नाही.

ती – कळलं नाही, की मोजायचं नव्हतं?

तो – आधी तू सांग, आत का निघून गेलीस?

ती – खूप वर्षं झाली त्याला. दुपार होती. आईंचा नुकता डोळा लागला होता. तुम्ही बाहेरच्या खोलीत, तोंडावर पेपर घेऊन. मी चार कपडे पिशवीत कोंबले आणि जिना उतरले.

तो – हिरवी पिशवी.

ती – पेपर होता ना तोंडावर?

तो – दार लागलं तेव्हा बाजूला केला. खिडकीतून फाटकापर्यंत दिसतं.

ती – आणि हाक मारली नाहीत.

तो – कुठल्या तोंडाने मारणार? माझ्या आईचं सगळं तू करायचीस आणि मी अंधारात बसून सिनेमे बघायचो. जा म्हणावंसंही वाटत होतं आणि जाऊ नकोस म्हणावंसंही. फाटकाशी तू वळलीस तसा मी परत पेपर ओढून घेतला. पण मधलं दार उघडं होतं. तू चष्मा पुसत होतीस ते दिसलं.

ती – इतकी वर्षं वाटत होतं, हे मला एकटीलाच माहीत आहे. गुरुवारी तुम्ही ते सिनेमातलं म्हणून सांगायला लागलात, तशी मी उठून आत गेले. वाटलं, टोमणा मारताय.

तो – टोमणा नव्हता गं. मला ते खरंच पडद्यावर दिसलं. ती पोरगी पिशवी घेऊन निघाली ना, त्यापुढचं मी बघितलंच नसणार. तुलाच बघत बसलो असेन.

ती – का परत आले, विचारणार नाही?

तो – विचारू?

ती – चष्मा डोळ्यांवरच राहिला होता. कूस बदलली असती तर काडी मोडली असती. आधी मोडलीच होती एकदा.

तो – फक्त तेवढ्यासाठी?

ती – तेव्हा तेवढ्यासाठीच. चष्मा ठेवून पुन्हा निघणार होते. तर त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, चहा टाकतेस का गं.

तो – आणि तू टाकलास.

ती – तुम्हालाही दिला. पेपराखालून हात काढून घेतलात.

तो – संपादकांना फोन करतो. दुरुस्ती छापा म्हणतो.

ती – काय छापतील? समीक्षकाच्या घरातला प्रसंग नजरचुकीने सिनेमात गेला?

तो – हसण्यावारी नेऊ नकोस. लोक माझ्या भरवशावर तिकीट काढतात. सोडूनच देतो हे लिहिणं.

ती – सोडायचं काही कारण नाही. चुकलं म्हणून सरळ लिहा, आणि एक स्टार उतरवा.

तो – आणि तो प्रसंग?

ती – तो आपल्याकडे राहू दे. आज सकाळी नवा सिनेमा पाहून आलात, तो कसा आहे?

तो – काय माहीत. तुला अजून सांगितलाय कुठे.

ती – मग थांबा जरा. दोरीवरचे कपडे काढून आणते.