वरून दिसणारी टेकडी

रुपाली : हा बघ ना मामा, उपग्रहाने काढलेला फोटो. दिवाळीत टेकडी हिरवीगार होती, आणि आता ही अशी.

भगीरथ : येक पन झाड गेलं नाय गो. कंपनीनं मला राखणीला ठेवलाय, झोपा काढायला नाय.

रुपाली : झाडं आहेत रे. पाला कुठाय?

भगीरथ : पाला राबाला. गावानं फांद्या तोडून नेल्या, जमिनीवर पसरून भाजायला. राब भाजल्याबिगर भाताची रोपं धरतील का? तू काय आपल्या शेणवे गावची नाय?

रुपाली : आहे ना. मीपण डोक्यावरून भारे आणलेत. पण आता टेकडी कंपनीने राखायला घेतलीय.

भगीरथ : मंग? सायेब बोलले, झाड तोडू देऊ नको. नाय दिलं. बुंध्याला कोनाचा हात लागला नाय. फांद्या काय, दरसाल फुटतात.

रुपाली : मला माहितीये. पण कॉम्प्युटरला हिरवं किती तेवढंच कळतं. ते निम्मं झालंय. हाच आकडा कंपनीच्या पर्यावरण अहवालात जाणार, आणि डिजिटल प्रमुख म्हणून खाली सही माझी.

भगीरथ : मंग दिवाळीचाच फोटो लाव की.

रुपाली : मुरबाडच्या ऑफिसात मॅनेजरसाहेबपण तेच म्हणाले.

भगीरथ : बग. शिकलेला मानूस.

रुपाली : मामा, मला ह्या जागेवर घेतलं कशाला? आधी कंपनी मनाला येईल ते सांगायची. पाणी स्वच्छ, टेकडी हिरवी. आता दिसतं तेच लिहायचं, हे माझं काम. आज टेकडीचा जुना फोटो लावला, तर उद्या कंपनीचं सांडपाणी जातं त्या नाल्याच्या पाण्याचा जुना आकडा लाव म्हणतील. तेव्हा मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

भगीरथ : खरा लावलास, तं माझी राखण जाईल?

रुपाली : बहुतेक. राब म्हणजे काय, का करतात, सगळं लिहिणार आहे मी. पण ते ऐकतील असं वाटत नाही. ही राखण मीच तुला लावून दिली होती. फार वाईट वाटतंय मला. म्हणून अहवाल पाठवायच्या आधी तुला सांगायला आले.

भगीरथ : डोळे पूस. त्या नाल्याचं पानी आपलीच ढोरं पितात. खराच फोटो लाव.

रुपाली : राग नाही आला?

भगीरथ : आला की. तुझा नाय, त्या वरनं बगनाऱ्याचा. त्याला सांग, पावसात येक फोटो काढ. कशी पालवते टेकडी ते बग म्हणावं.

रुपाली : पावसात ढग असतात, मामा. वरून काहीच दिसत नाही.

भगीरथ : मंग तू खालनं बगायला ये. मी राखणीला नसलो तरी ये.