हिरोजीच्या टायरांचं जावळ

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न अगदी सोपा आहे. ज्याच्यावर आपला जीव, ते माणसानं वापरावं – की जपून ठेवावं?

थांबा, लगेच माना डोलवू नका! मृदंगवाले, तुम्ही तर नकोच. नवा मृदंग घरी गवसणीत ठेवून हा फाटका इथं आणता, ठाऊक आहे आम्हाला!

तर घाटाच्या पायथ्याला करंजखिंड नावाचं गाव. तिथं राहायचा हिरोजी खुटवड. माणूस कष्टाळू, मायाळू – पण जपणारा! नवी चप्पल घेतली की ती पायात नाही, काखेत. छत्री घेतली, तर पावसात भिजेल म्हणून घरी ठेवून जायचा. असा!

त्याची एकुलती एक लेक वैजू. तिला दिली डोंगरावरच्या पाचटेक वाडीत. डांबर खाली संपतं, पुढं नुसता मातीचा चढ. पावसाळ्यात त्या चढाची खीर होते – आणि वेलदोड्याऐवजी गोटे! पाठवणीच्या वेळी वैजू रडायला लागली. हिरोजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रस्ता नाही म्हणून रडू नकोस. जीपला असे टायर घालतो, की थेट तुझ्या दारात येऊन हॉर्न वाजवीन."

आणि घातले हो! शब्दाला जागला. तालुक्याच्या दुकानात जाऊन ऑल टेरेन टायर आणले. काय ते टायर! बोट बुडेल इतकी खोल नक्षी, कडा जाड, भाकरीच्या काठासारख्या. दुकानदारानं समजावलं, की चिखल म्हणू नका, दगड म्हणू नका, वाळू म्हणू नका, कुठंही घाला. हिरोजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि विचारलं, डाग पडला तर कशानं निघतो?

इथंच घात झाला, मंडळी!

नव्या टायरवर बारीक रबरी केस असतात, पाहिलेत का? घरी आल्यावर हिरोजीनं त्यांवरून हात फिरवला, आणि त्याचा जीव तिथंच अडकला. तान्ह्या पोराचं जावळच की हे! झालं. आता हे जावळ झिजू द्यायचं नाही! गाडीची पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवायची वेळ आली. सगळं जग लिंबावरून गाडी नेतं. हिरोजी म्हणाला, आंबट रस रबराला लागेल. लिंबं चाकांशेजारी ठेवली आणि देवीला सांगितलं, समजून घे. देवीनं घेतलं असेल. बायकोनं नाही! चांगुणा म्हणाली, "माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नाहीत. टायरला मात्र रोज खोबरेल!"

जीप आता फक्त डांबरावर चालायची. खोल नक्षीचे टायर डांबरावर घूंऽऽ आवाज करतात. हिरोजी म्हणायचा, गातायत. रात्री गाडी पोत्यांवर उभी राहायची, चाकांना जुन्या लुगड्यांची झालर. एक कुत्रं रोजच्या सवयीनं चाकापाशी पाय वर करायला आलं. हिरोजीनं त्याला बांधापर्यंत पळवलं. बिचाऱ्याला कळेना, इतकी वर्षं जे चाललं, त्यात आजच काय चुकलं!

आणि वैजूचं दार? पावसाळ्यात म्हणे चिखल आहे. हिवाळ्यात म्हणे दगड वर आलेत. उन्हाळ्यात म्हणे फुफाटा. सगळ्या वाटांवर चालणारे टायर – आणि त्यांना एक वाट पसंत पडेल तर शपथ!

अशात वैजूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बापानं जायचं आणि लेकीला घेऊन यायचं. भाद्रपदातला दिवस, चढ निसरडा. हिरोजी जीप घेऊन निघाला, डांबर संपलं तिथं आला – आणि थांबला. खाली उतरला. टायरांकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं. चप्पल काढून काखेत मारली, आणि अनवाणी चढ चढायला लागला!

दोनदा पडला. वाडीत पोचला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, धोतराचा रंग सांगता येईना. वैजूची सासू पारूबाई ओसरीवर शेंगा सोलत होती. तिनं त्याच्या मागं नजर टाकली.

"व्याही, गाडी कुठाय?"

"डांबरावर."

मग हिरोजीनं आपली योजना सांगितली. वाडीतले चार गडी घ्यायचे, डोली करायची, वैजूला अलगद खाली गाडीपर्यंत न्यायचं. पारूबाईनं शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे चाकाला चिखल नको, माझी सून घसरली तर चालेल."

"तसं नव्हं, विहीणबाई. त्यांचं अजून जावळ गेलं नाही."

"कुणाचं?"

"टायरांचं."

पारूबाई हसली असती. पण वैजू दारात आली होती, जडावलेली, चौकटीला धरून. ती बापावर ओरडली नाही. हळू बोलली.

"बाबा, तुम्ही दारात हॉर्न वाजवणार होता. खालून कुठलीही गाडी गेली की मी उठून बघायचे. आता नाही उठत. तुम्ही जा. मी इथंच बाळंत होते."

आणि आत गेली.

हिरोजी परत उतरला. जीपपाशी येऊन वाकला. टायरवरचा एक रबरी केस चिमटीत धरला. ज्या दारासाठी हे टायर आणले, ते दार आता मिटायला आलं होतं. त्यानं केस सोडला, आत बसला, गाडी चालू केली आणि चाकं चिखलात घातली.

आणि मंडळी, टायर चढले! डांबरावर गाणारे ते पठ्ठे चिखलात गप्प झाले – काम मिळालं ना! खोल नक्षीनं माती धरली, गोटे चावले, मागं चिखलाचे फवारे उडवले. शेंगांच्या सुपात चिखल, पारूबाईच्या नाकावर चिखल, गोठ्यातल्या म्हशीला वाटलं आपली कुणी बहीणच आली! जीप थेट तुळशीपाशी आली. हिरोजीनं हॉर्न वाजवला. वाजवतच राहिला.

वैजू तांब्या घेऊन बाहेर आली. दारी आलेल्याच्या पायावर पाणी घालतात. तिनं बापाच्या पायावर ओतलं, आणि त्याचा स्वभाव माहीत म्हणून उरलेलं टायरवर घालायला वाकली. हिरोजीनं तांब्या धरला.

"राहू दे, पोरी. तुझ्या दारचा चिखल आहे."

वैजू त्याच जीपमधून माहेरी जाऊन बाळंत झाली, आणि पुढच्या वर्षी बाळाचं जावळ काढायचं ठरलं. त्या घराण्यात ते मामाच्या मांडीवर काढायची रीत. सख्खा मामा नव्हता, मांडीवर घ्यायला आजोबाच बसला. टायरांचं जावळ तर त्या चढानंच काढलं होतं!

हसलात. हसा. आता घरी चला. सोफ्याचं प्लास्टिक निघालंय का? कपबशांचा चांगला संच कुठल्या पाहुण्यासाठी आहे – देव येणार आहे चहाला? आणि आला, तरी तो ओसरीवर फुटक्या कपातच पिईल!

एखाद्या घरी ट्रंक उघडते, आणि कोरी शाल निघते. घडीसुद्धा मोडलेली नाही. थंडी वाढली की वापरू, असं ज्यानं म्हटलं होतं, तो निघून गेलेला असतो. शालीला डाग नाही, हे खरं. पण ती कुणाच्या खांद्यावर घालायची?

म्हणून सांगते. देवळाबाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत. प्रसाद घ्या, आणि ज्या दारात जायचं राहिलंय, तिकडं चाक वळवा. चाक नसेल तर पाय आहेत. चिखल घेऊन या घरी – अंगण तुमचंच आहे, झाडता येईल. टाळ उचला आता, आणि ज्याचं दार मनात आलं, त्याच्यासाठी हरीचं नाव घ्या.