भंडाऱ्याची ओली पिशवी आणि बटाट्याच्या दोन चकत्या

नाव गजराबाई भ्र. बिराप्पा देवकते, वय अदमासे ३८, धंदा मेंढपाळी, रा. अणदूर, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद. मी आज मंगळवार, ता. २३ ऑगस्ट १९६६ रोजी सकाळी साडेदहाला तुळजापूर ठाण्यात स्वतः येऊन जबाब देते. माझं बोलणं माझ्याच बोलीत लिहावं असं म्या सांगितलं, म्हणून जमादारसाहेबांनी ते तसं लिहिलं.

माझ्या मालकांचा, बिराप्पाचा, डावा डोळा लहानपणीच देवी येऊन गेला. उजव्यात बाभळीचा काटा जाऊन फूल पडलं. मार्चात पुण्याला मयत माणसाच्या डोळ्याचा पुढचा पडदा काढून त्यांच्या डोळ्याला शिवला. पट्टी निघाल्यावर मालक म्हणाले, "गजरे, म्हातारी झालीस की गं!" मला लई आनंद झाला.

पंधरा दिवसांखाली डोळ्यावर कापसावानी पांढरं आलं. इथले डॉक्टर वसंतराव यांनी, काय वाढतंय ते बघाय, ते जरासं खरवडून उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर ठेवलं अन् वर काचेचं झाकण घातलं. म्या इचारलं, "डॉक्टरसाब, बटाट्याला डोळं फुटत्यात, आता डोळ्याला बटाटा व्हय?" ते हसले. तिसऱ्या दिशी चकतीवर राखी लव उगवली. ती बुरशी. म्या रोज बघाय जायची. राहवतच न्हवतं.

बुरशी शिरली कशी, हे इचारलं. ते म्हणाले, परका पडदा अंग झिडकारतं, म्हणून थेंब घालून अंगाची राखण निजवावी लागते. मला उमजंना. मग म्हणाले, "बाई, विकतचं मेंढरू कळपात सोडताना कुत्रं बांधता ना? तेवढ्यात लांडगा आला तर?" हे उमजलं. त्यांनी इचारलं, डोळ्यात दुसरं काही घातलं का? म्या म्हणलं, न्हाय.

घातलं हुतं. डोळ्याला नजर परत आली म्हणून दर ऐतवारी खंडोबाचा भंडारा चिमूटभर डोळ्यात सोडत हुते. पिशवी मेंढरांच्या वाड्यावरच्या ओल्या घोंगड्यात असायची. मग घरी म्या बी बटाटा उकडला. एका चकतीवर माझ्या पिशवीतला भंडारा टाकला, दुसरीवर देवळातनं आणलेला कोरडा. दोन्हीवर वाट्या पालथ्या घातल्या. आज सकाळी उघडल्या. देवळातली पिवळीच हाय. माझ्या चकतीवर तीच राखी लव. देवाकडं खोट न्हाय. दोन्ही चकत्या हजर केल्या आहेत.

दीर सिदू यानं दवाखान्यातली चकती बघितली अन् काल फिर्याद दिली की डॉक्टर बुरशी पिकवून डोळ्यात घालतात. कालपासनं तो मालकांना बुरशी मारायची दवा घालू देत न्हाय. भावापायी करतो, पर डोळा एकच हाय. डॉक्टर म्हणतात, आज दुपारच्या गाडीनं पुण्याला निघाले तर आशा हाय, उद्याचं सांगता येत न्हाय. माझी डॉक्टरांविरुद्ध तक्रार न्हाय. सिदूला बोलावून हे ऐकवावं.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "अडाणीपणानं घडलं" असं लिहिलं हुतं. म्या सांगितलं, भंडारा घातला तो अडाणीपणानं. डॉक्टरांनी इचारल्यावर न्हाय म्हणले, ते समजून उमजून. मालक काय म्हणतील ह्याचं भ्याव वाटलं. तसं लिहा. तसं लिहिलं. पुन्हा वाचलं, आता बरोबर हाय. अंगठा उठवला. मालक बाहेर दगडावर बसलेत, त्यांना हे अजून ठाव न्हाय. पहिल्यांदा त्यांना वाचून दाखवा, मग सिदूला.