मावश्या घालायच्या राहिल्या

नाही, पण मी म्हणतो, कॉलेजात नेटवर्क शिकवणाऱ्या माणसाने सासूबाईंचं वायफाय का म्हणून सांभाळायचं? तुम्हाला सांगतो, माझं नेटवर्क सगळं कॉम्प्युटरच्या पोटात! खोटे राउटर, खोट्या तारा, खोटी गर्दी... खरं जाळं टाकण्याआधी ते कसं चालेल, हे स्क्रीनवर बघायचं. सॉफ्टवेअर फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं; कुणीही उघडावं, कुणीही सुधारावं. हे सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "कुणीही? म्हणजे घराला दारच नाही म्हणा की!"

आणि त्यात मेहुणीची, एन्साफची फातिहा ठरली. पक्की सोयरीक हो! मुलाचे काका पाय मोडून तिकडे फ्रान्सात, मार्सेयला पडलेले; ते व्हिडिओवर दिसल्याशिवाय मुलाकडचे दुवा मागायला हात उचलणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, काका अडकले तर तुम्हीही अडकलात!"

आता आमच्या ट्युनिशियात, या स्फाक्स शहरात, जुन्या घरांच्या भिंती म्हणजे किल्लेच... एकूण एक भिंत मोजून सॉफ्टवेअरमध्ये घातली, फ्रीजसुद्धा घातला. चालवून बघितलं. काका लोण्यासारखे! स्क्रीनवर हो, स्क्रीनवर!

फातिहाच्या दिवशी काका "ऐका मंडळी" म्हणाले, आणि तोंड उघडं ते उघडंच. थिजले! का? तर एन्साफने आनंदाच्या भरात आल्यागेल्याला पासवर्ड वाटलेला! एका मावशीचं गाणं चालू, दुसरीची मालिका, तिसरी बकलावा मिठाईचे फोटो कॅनडाला धाडतेय... अहो, भिंती घातल्या, फ्रीज घातला, मावश्या घालायच्या राहिल्या! स्क्रीनवर मात्र सगळं चाललेलं!

मुलाची आई पर्स उचलून उभी. "निघतो आम्ही." एन्साफ रडकुंडीला, "भाऊजी, काहीतरी करा ना!"

खुर्चीवर चढून ओरडलो, "फोन बंद करा!" कोण ऐकतंय? मग काय, मुकाट्याने पासवर्डच बदलून टाकला, आणि नवा फक्त काका दिसत होते त्या फोनला दिला. दिवाणखान्यात एकच किंकाळी, "अगं, माझी मालिका!" ...आणि काका हलले! बोलले! हात उचलले गेले, फातिहा झाली, एन्साफ हसली!

वर काका म्हणतात, "आमच्याकडेही नेट रडतं हो, जावयांना धाडा की इकडे."

"धाडते ना!" सासूबाई म्हणाल्या. "असा जाणकार अख्ख्या स्फाक्सात नाही!"

तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून पहिलं कौतुक! डोळे भरून आले हो माझे...

तिकडे काकांनी फोन ठेवला, आणि इकडे सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. "जाऊ नका हं. तुम्ही नेट तोडलंत म्हणून माझ्या तिन्ही बहिणी न जेवता निघून गेल्यात. आता मार्सेयचे रुसले, तर सोयरीक मोडेल!"