जयाचा ताप आन् माझ्या गोड गोळ्या

मी मूळची मढची. तिकडं भाताची खाचरं, धुकं आन् गारठा. सातवी झाले, मग वडलांनी आळे गावात दिली, हितं सगळा कांदा. मालक टेम्पो चालवायचे, धाकटी जाऊ मंगल आन् मी एका चुलीवर. शेवंताबाई म्हनत्यात मला, ताई. लिवता-वाचता येतं म्हनून फाट्यावरच्या होमोपदीच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात कामाला ठिवलं, ते नव्वदीतलं साल आसंल.

काम काय, तर साखरंच्या बारीक गोळ्या बाटलीत भरायच्या, डॉक्टर सांगतील त्या औशदाचे थेंब वर सोडायचे, हलवायचं, चिठ्ठी डकवायची. कांदा खाऊ नका म्हनून मीच सांगायचे, आळ्यात कांदा खाऊ नका, मानसं हसायची. पन पोरं लई खूश. सुईला रडनारी पोरं आमच्याकडं आपनहून जीभ काढायची. दात येनारी, सर्दीची, आंथरूनात मुतनारी, समदी यायची.

एकदा एका पोरीनं घरी आख्खी बाटली खाल्ली. आई बिचारी पळत आली, घामाघूम. डॉक्टरांनी बाटली बघितली, पोरीचे डोळे बघितले, तासभर बसवून ठिवलं आन् मग हसून म्हनले, काय व्हत न्हाई, घेऊन जा. ताई, मी तेवढं हसनंच ध्यानात ठिवलं. तासभर बसवलेलं माझ्या डोक्यात राह्यलंच न्हाई. ह्या औशदाला भ्यायचं काय, आसं मी धरून बसले. मग काय, आळीतल्या पोरांना मीच गोळ्या द्यायला लागले. बायका मला डॉक्टरीनबाई म्हनायच्या, मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंगलची जया तवा दोन वर्साची. डॉक्टर त्यांच्या आईच्या आजारपनात गावी गेल्याले, दवाखान्याची किल्ली माझ्यापाशी. जयाला ताप आला. मंगल म्हनली अक्का, नारायणगावला पोरांच्या डॉक्टरला दाखवून आनते. मी म्हनलं कशाला, ते सुया टोचत्याल, गरम औशदं देत्याल, लहान जीव, मी देते गोळ्या. दिल्या. दुसऱ्या दिशी ताप तसाच, मंगल पुना म्हनली जाते, मी म्हनलं दम धर, ह्या औशदात आधी वाढतं मग उतरतं. कुनाचं तरी ऐकल्यालं मी तिला सांगितलं, ताई. ती धाकटी, ती काय बोलनार.

तिसऱ्या दिशी पोर वकायला लागली, मान ताठ झाली, हाक मारली तर डोळं वर. मालकांनी टेम्पो काढला. नारायणगावच्या डॉक्टरांनी बघितलं आन् म्हनले इतके दिवस काय करत व्हता, पुण्याला न्या, आत्ता. पुण्यात सांगितलं, तापाची सूज मेंदूपर्यंत गेली. लई दिस राह्यलो तिथं. मंगल पोरीपाशी, मी व्हरांड्यात, आत जायचं धाडस व्हईना. वाचली पोर. देवाची कृपा म्हनायची.

घरी आलो, चार दिवसांनी मी पीठ मळत व्हते, हातातनं परात सुटली, फरशीवर केवढा आवाज. मांजर पळालं. जया आमच्याकडं पाठ करून खेळत व्हती, तिनं मान सुदीक वळवली न्हाई. मंगलनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं दोन्ही हातांनी टाळी वाजवली, जयाच्या कानापाशी, पुना वाजवली, वाजवतच राह्यली.

डॉक्टर आले तवा समदं सांगितलं. म्हनले, शेवंताबाई, बाटली खाऊन पोरगी बरी राह्यली त्याचं कारन त्या गोळ्यांनी तिला काय केलंच न्हाई. पन जयाला कायतरी करायला पायजे व्हतं. मी तुमाला हे आधीच सांगायला पायजे व्हतं, माझीबी चूक. दुसऱ्या दिशी त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावला, लहान मुलाला ताप, उलटी, झटका, धाप आसंल तर आधी मोठ्या दवाखान्यात जा. किल्ली मी परत दिली. काम मातुर केलं, डॉक्टर दवाखाना बंद करूस्तवर.

मंगल मला एकदाच बोलली, भांडी घासताना, आवाज न चढवता. अक्का, तुमी वाईट करायला गेला न्हाई, पन मला जाऊ दिलं न्हाई. खरंय.

आता जया बाराची हाय. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळंत ऱ्हाती, सुट्टीला येती, चित्रं लई झ्याक काढती. हातवारं करून आईशी बोलती. मला थोडं कळतं, थोडं न्हाई, मग दोघीबी सोडून देतो. आळीत कुनाचं पोर तापानं किरकिरलं का मी चपला घालते, त्यांच्या दारात जाऊन बसते, दवाखान्यात निघूस्तवर उठत न्हाई. त्यांच्या सुना म्हनत्यात म्हातारी डोकं खाती. खाऊ द्या. माझं वय झालं, गुडघं दुखत्यात, पन तेवढं चालवतं. पोरं समद्यांची धड ऱ्हावीत, तुमचीबी.