दोन कुलपांमागचा फोन

नाही, तुम्हीच सांगा, युद्ध इराण-इराकचं, बॉम्ब पडला तिकडं आखातात तेलाच्या जहाजावर, आणि कुलपं कुठं लागली, तर आमच्या कांजूरमार्गच्या पक्ष कार्यालयाला, तीही दोन... वरच्या कडीला श्यामकांतच्या गटाचं, खालच्या कडीला भीमराजच्या गटाचं, कारण हल्ल्याच्या निषेधसभेचा अध्यक्ष कोण, यावरून परवा दोघांची जुंपली, आणि फोन आत, आम्ही बाहेर.

आता म्हणाल, फोनचं एवढं काय? अहो, त्या जहाजावर आमच्या चाळीतला धोंडू खलाशी आहे, आणि चाळीत फोन आहे कुणाकडे? म्हणून जहाजाच्या कंपनीत त्यानं पी.पी. नंबर, म्हणजे निरोपापुरता दुसऱ्याचा, दिलेला तो या कार्यालयाचा. त्याची बायको, सुगंधावहिनी, फोर्टला कंपनीत जाऊन आली, तर साहेब म्हणतो, "बाई, सारखं येऊ नका, शनिवारी संध्याकाळपर्यंत वाचलेल्यांची नावं येतील, फोन करू, नंबर आहे आमच्याकडे." नंबर आहे हो, पण फोन आत, आम्ही बाहेर.

काल शनिवार. दाराच्या डावीकडे भीमराजची निषेधसभा, उजवीकडे श्यामकांतची, दोन्हीकडे भोंगे, दोन्हीकडे धोंडूचा तोच फोटो, आणि मधे पायरीवर वहिनी दाराला कान लावून. एकदम मला म्हणते, "भावजी, आत फोन वाजता हा. माझोच असतलो."

मी धावलो भीमराजकडे. तो म्हणतो, "मी कुठं नाही म्हणतोय? आधी त्याला वरचं काढू दे." श्यामकांतकडे धावलो, तर तो माइकवर हात ठेवून, "काढतो यार, पण मग हा खालचं उघडून एकटाच आत जाऊन बसला तर?" तेही खरंच, बसलाच असता... तेवढ्यात फोन थांबला. वहिनी पायरीवरून उठून दोघांकडे बघत राहिली, तेव्हा कुठं कुलपं निघाली आणि आम्ही सगळे आत, फोनभोवती, बारशाला पाळण्याभोवती उभं राहावं तसे.

आणि तुम्हाला सांगतो, वाजला हो पुन्हा. वहिनीचा हात पुढं, तर भीमराज, "थांबा वहिनी, आधी पक्षातर्फे बोलतो," श्यामकांत, "कुठला पक्ष रे तुझा? पक्ष इथं उभा आहे," एकाच्या हातात रिसीव्हर, दुसऱ्याच्या हातात फोन, आणि त्या ओढाओढीत भिंतीतली वायर उपटून बाहेर.

वहिनीनं तो रिसीव्हर घेतला, पदरानं पुसला, कानाला लावला. "हॅलो," म्हणाली, "मी सुगंधा." आणि थांबली. किती वेळ थांबली... तिच्या हातातून तो घ्यायची हिंमत कुणाला होती?

आज रविवार, कंपनी बंद. माणूस जिवंत आहे की नाही, ते तिला उद्या फोर्टला गेल्यावर कळणार.

बाकी निषेधाचा ठराव पास झाला. डावीकडेही झाला, उजवीकडेही झाला. दोन्हीकडे एकमतानं.